खळ्यावरची बर्फहॉकी

सासऱ्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या, म्हणजे पुण्यानुमोदनाच्या, आदल्या दिवशी मी त्यांचं खळं शेणानं सारवून टाकलं.

खळं म्हणजे महाळुंगे पडवळला त्यांच्या घरापुढचा सिमेंटचा कोबा. दोन एसटी गाड्या एकापुढं एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढा लांब, आणि रुंदी त्याच्या निम्मी. वर्षभरात त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खळ्यावर मॅच होती. चाकांचे बूट घालून खेळतात ती हॉकी. चाक भेगेत अडकलं की पोरगी तोंडावर पडते, एवढं मला माहीत होतं. आमच्या आईनं जन्मभर अंगणातल्या भेगा शेणामातीनं बुजवल्या, तेही मला माहीत होतं. मग मी डोकं चालवलं. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो, त्यामुळे डोकं चालवायची सवय आहे. ते कुठं जाऊन थांबेल यावर ताबा नसतो, एवढंच. दोन पाट्या शेण, पाटीभर पांढरी माती आणि लागेल तसं पाणी. बायको फुलं आणि फळं आणायला मंचरला गेली होती. दोन वाजता बसलो तो साडेचारला उठलो. ओट्यावरून पाहिलं तर खळं असं देखणं दिसत होतं की मीच स्वतःला शाबासकी दिली.

बायको आली. पिशव्या खाली ठेवल्या.

"हे कुणी केलं?"

"मी." आवाजात कौतुकाची थोडी अपेक्षा होती, लपवत नाही.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"बरं झालं. म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायला नको."

मग तिनं मला समजावलं, आमच्या शाळेत ढ मुलाला समजावतात तसं. शेण ओलं असलं की चाकाला चिकटतं. वाळलं की पोपडे सुटतात आणि त्याची धूळ बेअरिंगमध्ये जाते. घोटलेल्या कोब्यावर चाक पाण्यासारखं पळतं, ते या सारवणावर चार पावलं गेलं तरी नशीब.

"आणि उद्या काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. म्हणून तर सारवलं होतं.

गोष्ट अशी होती की सासरे त्या खळ्यावर गावातल्या पोरींना ही हॉकी शिकवायचे, आणि आता माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथं कांद्याची चाळ बांधणार होता. त्यात त्याचंही काही चुकत नव्हतं. कांदा साठवायला उंचावरची, वाऱ्याची जागा लागते, आणि त्यांच्या वावरात तशी जागा ती एकच. बांबू येऊन पडले होते, पत्रे सांगून ठेवले होते. बायको चार वेळा त्याच्याशी भांडून आली. पाचव्या वेळेला तो म्हणाला, "ताई, आबा होते तवा नऊ पोरी यायच्या. आता कधी दोन, कधी तीन. मोकळ्या खळ्यावर मी काय फोटो लावून बसू का? मॅच लावून दाखव. पाच पोरी लागतात ना एका बाजूला? पाच जणी उभ्या कर, चाळ मी खाली उतारावर घेतो. न्हाई झाल्या, तर सोमवारी खड्डे."

बायको म्हणाली, "ठरलं." तिनं पुण्यातल्या एका मुलींच्या टीमला फोन लावला आणि तारीख ठरवली वडिलांच्या पुण्यानुमोदनाची. सकाळी मॅच, मग बुद्धवंदना, मग जेवण. मला वाटलं लोक नावं ठेवतील. ती म्हणाली, "आबांना फुलांपेक्षा हे आवडलं असतं."

आता मामांबद्दल सांगायला हवं. लेकरांचे ते आबा, माझे मामा; आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

मी मामांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलगी बघायला गेलो तेव्हा. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. चहा पिता पिता माझ्या चुलत्यांनी विचारलंच, "पावणं, दात कशानं गेलं?"

"बर्फावर," मामा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

आमच्या भागात बर्फ म्हटलं की बर्फाचा कारखाना. मला वाटलं, तिथं कामाला असतील, लादी उतरवताना तोंडावर आली असेल. मी हळहळून मान हलवली. लग्नानंतर सहा महिने मी याच समजात होतो आणि शाळेतल्या सहकाऱ्यांना सासऱ्यांच्या कष्टांबद्दल गहिवरून सांगतही होतो.

मामा फौजेत होते. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर. लडाखात पोस्टिंग मिळालं तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गोठलेलं तळं पाहिलं. तळ्यावर तिथली पोरं बुटांना लोखंडी पट्ट्या बांधून सुसाट पळायची आणि काठ्यांनी एक चपटी डबी एकमेकांकडे ढकलायची. फौजेतले काही जण त्यांच्यात खेळायला लागले होते, पण धड पट्ट्या कुणाकडेच नव्हत्या. पुढचं मामा स्वतः सांगायचे, दर दिवाळीला, नवीन जावई असल्यासारखं मला समोर बसवून:

"वर्कशॉपात ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा पडला व्हता. मी म्हनलं, याच्यापेक्षा चांगलं लोखंड कुटं घावनार? कापला, घासला, बुटाखाली बसवला. पैली जोडी मीच घातली. उभा राह्यलो आन् बसलो. परत उभा राह्यलो, परत बसलो. तिसऱ्या टायमाला सुभेदारसाहेब म्हनले, 'जवान, बैठना ही है तो कुर्सी मँगवा दूँ?'"

"मग?" मी दरवर्षी विचारायचो.

"मंग काय? हिवाळाभर पडलो. दुसऱ्या हिवाळ्यात गोलात उभं केलं मला. पळता येत न्हाई तो गोलकीपर, असा हिशेब व्हता. तितंच दात गेलं."

डबी म्हणजे बूटपॉलिशची रिकामी डबी. ती आतून माती ठासून भरायची आणि झाकण ठोकून बंद करायची. गोल म्हणजे दोन जेरीकॅन. संध्याकाळी तळ्यावर बादल्यांनी पाणी ओतायचं, म्हणजे दिवसभरात पडलेले चरे बुजून सकाळी बर्फ आरशासारखा. मामांनी बुटांच्या सतरा जोड्या केल्या. फौजेतल्यांना आणि गावातल्या पोरांना. बदली झाली तेव्हा सगळ्या तिथंच ठेवून आले. एकदा मी विचारलं, "आठवण म्हणून एक तरी आणायची, मामा."

"इथं आनून काय करू? कांदं कापू?"

त्या खेळात आपण पहिल्यांपैकी एक, असं कुणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "पैली तितली पोरं. मी फकस्त लोहार." पण एक काळापांढरा फोटो त्यांनी चौकटीत घालून लावला होता. पाच माणसं बर्फावर उभी, चारजण ताठ आणि पाचवा, म्हणजे मामा, दोन्ही हात पसरून, नुकताच पडणार असल्यासारखा.

पेन्शनीत आल्यावर ते शेती करत होते. एके दिवशी जेवताना टीव्हीवर बातमी लागली. लडाखच्या मुली देशाकडून बर्फावरची हॉकी खेळत होत्या, अंगात देशाचे कपडे आणि डोक्याला शिरस्त्राण. बायको सांगते, आबांचा घास हातातच राहिला. बातमी संपली, बटाट्याच्या भावाची लागली, जाहिरात लागली, तरी ते तसेच. मग म्हणाले, "तळं तेच आसंल का गं?"

पुढच्या महिन्यात त्यांनी घरापुढं कोबा घालायला घेतला. गवंड्याला हटवून स्वतः गुडघ्यावर बसून घोटला, तीन वेळा. लोक म्हणाले, "सोयाबीन वाळवायला एवढी घोटाई कशाला राव?" मामा म्हणाले, "सोयाबीनला न्हाई, पोरींला." पोरांकडे क्रिकेटचं मैदान होतं, पोरींकडे शाळा सुटल्यावर काही नव्हतं, हे त्यांनी कधीचं पाहून ठेवलं होतं. जुने चाकांचे बूट पुण्याहून गोळा केले. काठ्या मात्र गावातल्याच. पूर्वी सुतार नांगरासाठी बाभळीची जन्मजात वाकलेली फांदी हेरून ठेवायचे. नांगर गेले, ट्रॅक्टर आले, वाकड्या बाभळी तशाच राहिल्या. मामा कळंबच्या एका म्हाताऱ्या सुताराला घेऊन बांधाबांधानं हिंडले. सुतार म्हणायचा, "वाकडं लाकूड शोधत आलेला मानूस लई वर्सांनी बघितला." त्या फांद्या तासून केलेल्या काठ्या जड होत्या, पण मोडायच्या नाहीत. बर्फावरची डबी कोब्यावर सरकत नाही, म्हणून तिच्या जागी कडक चेंडू आला. बाकी सगळं तेच.

घरोघर जाऊन त्यांनी पोरी मागून आणल्या. "दिवे लागायच्या आत घरी सोडतो," हा त्यांचा शब्द, आणि सात वर्षांत तो एकदाही चुकला नाही. बर्फ मात्र यातल्या एकीनंही पाहिला नव्हता. आणि भूगोलाचा शिक्षक असून मीही तो फ्रिजमध्येच पाहिला आहे.

तर अशा या कोब्यावर मी शेण थापलं होतं.

विहिरीची मोटार लावून पाइपनं धुवावं म्हटलं, तर शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्री दहानंतरची. बायकोनं घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि फोन लावला. अर्ध्या तासात पाच पोरी खराटे घेऊन हजर. गोलकीपर पोरगी सगळ्यांत पुढं, आणि तोंडाची सगळ्यांत तिखट.

"सर, वास्तुशांत हाय का?"

"गप गं," दुसरी म्हणाली, "सरांनी टर्फ टाकलंय."

 हौदातून बादल्या उपसायचं काम माझ्याकडे होतं आणि बोलण्याइतका दम उरत नव्हता. बायको पुढं, पोरी मागं, खराट्यांची एक रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा धुऊन झालं, बायकोनं अनवाणी पाय घासून पाहिला आणि म्हणाली, "परत." दुसऱ्यांदा झालं. "परत." मेहुणा बांबूंच्या ढिगाजवळ उभा राहून बघत होता. तिसऱ्या वेळेला तोही एक बादली घेऊन आला. माझ्या हातात दिली, म्हणजे मदत झाली ती एवढीच. दिवेलागणीला कोबा पुन्हा निळसर दिसायला लागला. भेगा होत्या तशाच होत्या. बायकोनं त्यात सिमेंटचं घट्ट पाणी भरलं आणि बोटानं घोटलं, एक एक भेग.

सकाळी सातला पुण्याची गाडी आली. आठ मुली, सगळ्यांचे बूट एका रंगाचे, आणि त्यांची कोच, तिशीतली एक बाई. आमच्या पोरी त्यांच्या बुटांकडे बघत होत्या, त्यांच्या मुली आमच्या काठ्यांकडे. एकीनं बाभळीची काठी उचलून पाहिली आणि म्हणाली, "बाप रे!" गावातल्या बायका कडेनं गोधड्या टाकून बसायला लागल्या होत्या.

साडेसातला निरोप आला. गोलकीपर येणार नव्हती. टोमॅटो तोडायला माणसं आली नव्हती आणि गाडी नारायणगावला दहाच्या आत पोचायची होती. बायको भावाची स्कूटर काढून त्या पोरीच्या वावरात गेली. वीस मिनिटांनी एकटीच परत आली.

"बाप काय म्हणाला?" मी विचारलं.

"हात जोडले त्यानं. टोमॅटो पिकायचे थांबत नाहीत, त्याला मी काय बोलू? पोरगी सरीत बसून रडतेय आणि तोडतेय."

मेहुण्यानं खळ्यावर नजर फिरवली. त्यानं मोजलेलं सगळ्यांनी पाहिलं.

"चार," तो म्हणाला. आवाजात काही खुशी नव्हती, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. "पाच म्हनलो व्हतो ताई."

"पाच होतील."

ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा अंगात सलवार-कमीज, पायांना मामांनी पोत्यात फोम भरून शिवलेले पॅड, डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट. सत्तेचाळिसाव्या वर्षी. चाकांचे बूट तिनं जन्मात घातले नव्हते. मामांनी खळं घातलं तेव्हा ती दोन मुलांची आई होती आणि चाळिशीला टेकलेल्या बाईनं चाकांवर उभं राहायचं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. पण लहानपणी मामा सुट्टीवर आले की गोठ्याच्या दारात तिला उभी करायचे आणि चेंडू मारायचे. "चेंडूकडं बघ, माझ्याकडं नको," एवढंच शिकवायचे.

कोच बाई पुढं आली. "काकू, स्केट्स?"

"साधे बूट चालतील का?"

कोचनं तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या चार पोरींकडे, मग बांबूंच्या ढिगाकडे. तिला कुणी काही सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. "मैत्रीची मॅच आहे. चालतील."

"ताई," मेहुणा म्हणाला, "वय काय तुजं?"

"तुझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त. आता बाजूला हो, गोल दिसेना."

मला तिच्या मागं उभं केलं होतं, कांद्याच्या वाफ्यात जाणारा चेंडू आणून द्यायला. हे काम मला आयुष्यभर पुरेल इतकं होतं. पहिल्या दहा मिनिटांत तीन गोल झाले. पुण्याच्या मुली वाऱ्यासारख्या यायच्या, वळायच्या, चेंडू कुठून निघाला ते कळेपर्यंत गोलात. मी ओरडलो, "डावीकडं! डावीकडं बघ!"

हेल्मेटमधून उत्तर आलं, "तुम्ही वाफ्यात बघा."

चौथा चेंडू तिनं मांडीनं अडवला. पाचवा काठीनं. सहावा कशानं अडवला ते तिलाही माहीत नसावं, पण गोधडीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि एक म्हातारी उठूनच उभी राहिली. आमच्या पोरींना तेवढं पुरलं. त्यांनी दोन गोल मारले. दुसरा तर अर्ध्या खळ्यावरून. बाभळीच्या काठीचा असा टण्ण आवाज आला की पुण्याची गोलकीपर चेंडूआधी काठीकडे बघत राहिली.

शेवटी शेवटी गोलासमोर चार-पाच जणींची गर्दी झाली आणि त्या गर्दीत बायको आडवी पडली. पडली ती उठेना.  मी वाफा सोडून धावलो, तिच्याजवळ वाकलो.

"काय झालं? लागलं का गं?"

"चेंडू खाली आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उठले तर गोल होईल. शिट्टी वाजल्याशिवाय मी उठत नाही. सरका तिकडं, अंधार पडतोय तुमचा."

शिट्टी वाजली. मग ती उठली, चेंडू बाहेर ठेवला आणि परत दोन जेरीकॅनच्या मधे जाऊन उभी राहिली.

पाच-दोन हरलो. पुण्याच्या मुलींनी रांगेनं येऊन हात मिळवले. त्यातल्या दोघींनी बाभळीची काठी मागितली, नुसती मारून बघायला, आणि आमच्या पोरींनी त्यांचे बूट.

मेहुणा खळ्याच्या मधोमध आला. चपला कडेला काढून ठेवल्या होत्या. पायानं कोबा दाबून बघितला, वर आभाळाकडे बघितलं, खालच्या उताराकडे बघितलं.

"चाळ खाली घेऊ," तो म्हणाला. "वारं कमी लागंल. पाया उचलून घेतो दोन हात." मग बायकोकडे वळला. ती ओट्यावर बसून पॅडचे पट्टे सोडत होती. "पन ताई, आज झालं. मॅच काय, एक दिस. आबा रोज उभं राह्यचं. आता शिकवनार कोन? गोलाच्या आत उभं राहून तर पोरी पळायला शिकनार न्हाईत."

 बायकोनं पट्टे सोडले, तोंड धुतलं आणि पांढरी साडी नेसून बाहेर आली. वंदना झाली, फोटोला फुलं वाहिली, लोक जेवले. गोलकीपर पोरगी टोमॅटोची गाडी भरून दुपारी आली, मातीच्या हातांनीच बायकोच्या गळ्यात पडली आणि मग भात तीनदा घेतला. मीही वाढप करत राहिलो. मेहुण्याचा प्रश्न तसाच पडून होता.

संध्याकाळी आम्ही मोटारसायकलवरून येडगावला घरी निघालो. कळंब मागं पडलं. बायको मागं अवघडून बसली होती, कुठं कुठं दुखत असेल ते मोजत मी सावकाश चालवत होतो. नारायणगावच्या पुढं रस्ता मोकळा झाला तेव्हा ती बोलली.

"शनिवार-रविवार शिकवणार मी. आधी मला चाकांवर उभं राहायला शिकावं लागेल, ते पोरी मला शिकवतील, मला पडायची लाज नाही. पण समोरून चेंडू मारायला दर वेळी कुणीतरी पाहिजे. त्या कोचबाईंकडं जुने बूट आहेत, मोठ्या मापाचे. मी तुमच्यासाठी सांगून ठेवलेत. आठ नंबर ना तुमचा?"